विरोधी बाकांवरची भाषणे वाचताना

राज्यशास्त्र शिकवताना आणि युवा संसदेच्या स्पर्धांसाठी मुलांची तयारी करून घेताना मला लोकसभेतल्या चर्चांचे जुने खंड वाचायची सवय लागली. आमचा मतदारसंघ तेव्हाचा राजापूर. १९५७ पासून बॅरिस्टर नाथ पै आणि १९७१ पासून १९९१ पर्यंत मधु दंडवते, असे दोनच खासदार या मतदारसंघाने दिल्लीला पाठवले आणि त्यातला बहुतेक काळ दोघेही विरोधी बाकांवर बसले. त्यांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या भाषणांतून जे हाती लागले ते इथे मांडते.

१. विरोधक काय मागतो आहे ते आधी बघावे

विरोधी बाजू वाट्याला आली की मुले पहिल्याच वाक्याला निषेध सुरू करतात. त्यांना मी १९६७ सालचे नाथ पैंचे विधेयक वाचायला देते. त्या वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. अकरा न्यायाधीश होते, सहा विरुद्ध पाच असे ठरले की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. खटला पंजाबातल्या जमीनधारणेच्या कायद्यावरून उभा राहिला होता. त्यामुळे जमीन सुधारणांची स्वप्ने बघणाऱ्या समाजवाद्यांना तो निकाल झोंबणे साहजिक होते. नाथ पै प्रजा समाजवादी पक्षाचे. सरकारची वाट न बघता त्यांनी एप्रिलमध्येच अशासकीय विधेयक मांडले: मूलभूत हक्कांसह घटनेच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करण्याचा अधिकार संसदेला आहे.

म्हणजे विरोधी पक्षाचा खासदार संसदेचे हात बळकट करायला निघाला होता, आणि त्या संसदेत बहुमत काँग्रेसचे होते. समोरच्या बाकांना आयते फावेल, हे त्यांना दिसत नव्हते असे नाही. पण लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाच्या वर कोणी नसावे, ही त्यांची निष्ठा होती. आज सत्ता कोणाकडे आहे, यावर ती अवलंबून नव्हती.

विधेयक संयुक्त समितीकडे गेले, परत आले, चर्चा लांबत राहिली. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि १८ जानेवारी १९७१ रोजी नाथ पै गेले, अवघ्या ४८ व्या वर्षी. त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने २४ वी घटनादुरुस्ती करून तो अधिकार संसदेच्या पदरात टाकला.

२. आपल्याच बाजूचा माणूस विरोधात उभा राहिला, तर ते भाषण दोनदा वाचावे

नाथ पैंच्या विधेयकाला सर्वांत कडवा विरोध करणाऱ्यांत राममनोहर लोहिया होते. तेही समाजवादीच, तेही विरोधी बाकांवरचेच. आक्षेपाचा गाभा असा की, नागरिकाला ज्यांच्यापासून संरक्षण हवे त्यांत बहुमताच्या जोरावर चालणारी संसदही येते.

मी कोणाच्या बाजूची, असे मुले विचारतात. मी लोहियांच्या बाजूची. कारण संसदेला दिलेला अधिकार प्रत्यक्षात वापरते ते सरकार, आणि ते कोणाचे असेल हे अधिकार देताना माहीत नसते. नाथ पैंचा हेतू निर्मळ होता, त्यांच्या युक्तिवादाचा दर्जा आजही थक्क करतो. पण २४ व्या घटनादुरुस्तीनंतरच्या पाच वर्षांत काय झाले ते डोळ्यांपुढे आहे. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध सहा मतांनी संसदेला मोडता न येणारी घटनेची ‘पायाभूत चौकट’ आखून दिली, आणि १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने ती चौकटच खिळखिळी करायचा प्रयत्न केला. त्या वेळी आणीबाणी होती आणि विरोधी पक्षांचे कितीतरी खासदार तुरुंगात होते.

तरीही स्पर्धेत नाथ पैंची बाजू मांडायला मी सर्वांत हुशार मुलाला उभे करते. लोहियांची बाजू आज मांडायला सोपी आहे, कारण नंतरचा इतिहास तिच्या मदतीला धावून येतो.

३. आकडा माणसाच्या रोजच्या खर्चाचा असावा

ऑगस्ट १९६३. आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारवर आणलेला अविश्वास ठराव, लोकसभेतला पहिलाच. लोहिया फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीतून नुकतेच सभागृहात आलेले. त्यांनी सांगितले की देशातली २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात. नेहरूंनी पंधरा आणे हा आकडा पुढे केला. मग ‘तीन आणे की पंधरा आणे’ हा वाद देशभर गाजला.

राष्ट्रीय उत्पन्न, दरडोई सरासरी, योजनेची उद्दिष्टे हे सगळे कागदावर होतेच. पण सरासरी म्हणजे वरच्यांचे आणि खालच्यांचे एकत्र मिसळलेले उत्पन्न. लोहियांनी वरच्यांना बाजूला काढले आणि उरलेल्यांचा हिशेब विचारला. आजही महागाईवर किंवा रोजगारावर बोलणारा विरोधी खासदार टक्क्यांत बोलत असेल, तर तो सरकारच्याच मैदानावर खेळतो आहे असे समजावे.

ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला. त्यात नवल नव्हते.

४. प्रश्नोत्तराच्या तासाला भाषणाइतकेच महत्त्व द्यावे

आधी आगाऊ सूचना देऊन लेखी प्रश्न पाठवायचा. त्यावर तारा असेल तर मंत्र्याला उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते. उत्तर सचिवालयातून लिहून आलेले असते. पुढे येतो उपप्रश्न, आणि तिथे कागद संपतो. मंत्र्याला खाते कळते की नाही, ते त्या दोन मिनिटांत उघड होते. समाजवादी खासदार मधु लिमये या तासाची तयारी वकिलाने उलटतपासणीची करावी तशी करत. नियमांचे पुस्तक त्यांना तोंडपाठ होते आणि औचित्याचा मुद्दा काढून ते उभे राहिले की समोरची बाके सावध होत. हे पुण्याचे लिमये निवडून येत ते बिहारमधल्या मुंगेर आणि बांक्यातून. मराठी माणसाला तिथल्या मतदाराने जातपात आणि प्रांत न बघता पाठवले, याचा मला फार अभिमान वाटतो.

आणीबाणी जाहीर झाल्यावर जुलै १९७५ च्या अधिवेशनात आधी काय गेले? प्रश्नोत्तराचा तास. सभागृह भरले, पण फक्त सरकारी कामकाजासाठी. म्हणून हा तास कोणत्याही कारणाने, कितीही थोड्या दिवसांसाठी रद्द झाला, की मला अस्वस्थ व्हायला होते. करोनाच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्येही तसेच झाले होते.

५. खासदारकी कुठे सोडायची, हे ज्याला माहीत असते त्याचे शब्द वजनदार होतात

मार्च १९७६ मध्ये पाचव्या लोकसभेची पाच वर्षे भरत होती. सरकारने मुदत वर्षाने वाढवली. लिमये तेव्हा मध्य प्रदेशातल्या तुरुंगात होते. लोकांनी पाच वर्षांसाठी निवडून दिले होते, त्यापुढचा एक दिवसही आपला नाही, असे म्हणून त्यांनी राजीनामा दिला. तरुण शरद यादवांनीही दिला. बाकीच्या अनेकांनी दिला नाही, त्यांचीही कारणे असतील. पण मुलांना ‘भूमिका’ म्हणजे काय ते सांगायचे असेल, तर माझ्याकडे याहून स्पष्ट उदाहरण नाही. इथे भाषणसुद्धा नाही, एक पत्र आहे.

६. एकच मागणी वर्षानुवर्षे लावून धरायला लाजू नये

कोकण रेल्वे. इतके पुरे. नाथ पै बोलले, दंडवते बोलले, मंत्री उत्तरे देत राहिले. १९७७ मध्ये दंडवते स्वतः रेल्वेमंत्री झाले, तेव्हा काम पुढे सरकले. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, त्या वेळी जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि दंडवते अर्थमंत्री. २६ जानेवारी १९९८ ला मार्ग पूर्ण सुरू झाला. विरोधी बाकांवरून मागितलेली गोष्ट सत्तेत आल्यावर विसरायची नाही, हे दंडवत्यांनी करून दाखवले.

७. पक्षादेशाचा प्रश्न विचारल्याशिवाय आजच्या खासदाराची पारख करू नये

जून १९७५ मध्ये दंडवते, वाजपेयी आणि अडवाणी बंगळूरमध्ये होते ते पक्षांतरबंदीच्या विधेयकावरच्या संसदीय समितीच्या कामासाठी. आणीबाणी लागताच तिथेच त्यांना अटक झाली. कायदा प्रत्यक्षात आला १९८५ मध्ये, ५२ व्या घटनादुरुस्तीने. आयाराम-गयारामांना आवर घालणे गरजेचे होते, यात वाद नाही. पण त्या कायद्याने पक्षादेश झुगारून मत देणारा खासदार अपात्र ठरतो, मग प्रश्न सरकार पडण्याचा असो किंवा एखाद्या साध्या विधेयकाचा. लिमयांनी याची भीती आधीच बोलून दाखवली होती. १९७८ मध्ये त्यांच्याच जनता पक्षाच्या सरकारने असे विधेयक आणले, तेव्हा ते त्याच्या विरोधात उभे राहिले.

आजचा एखादा खासदार भाषणात वेगळे बोलतो आणि मत पक्षाबरोबर देतो, तेव्हा त्याला भित्रा म्हणण्याआधी घटनेचे दहावे परिशिष्ट, म्हणजे हाच कायदा, वाचावे. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवले होते की पक्षादेश मोडल्याची शिक्षा विश्वासदर्शक आणि अविश्वास ठरावांपुरती ठेवावी. काँग्रेसचे खासदार मनीष तिवारींनी याच दिशेने जाणारे अशासकीय विधेयक लोकसभेत मांडले आहे. सरकार टिकवण्यापुरता पक्षादेश असावा. शेती, शिक्षण, परराष्ट्र धोरण यांवर खासदाराला आपल्या मतदारांकडे बघून मत देता यावे. ही सुधारणा कोणत्याही पक्षाने आणली तरी मी तिच्या बाजूने उभी राहीन, आणि माझ्या मतदारसंघात मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला त्याबद्दल विचारीन.