चित्रातली वनस्पती आणि नावातले चित्र

श्रावणातल्या शुक्रवारी आजी जिवतीसाठी आघाडा-दूर्वांची माळ करते. गेल्या वर्षी मी कुंपणावरून भलतेच झाड तोडून आणले. आजी म्हणाली, "अगं, कॉलेजात जातीस अन् आघाडा वळखत नाहीस?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्या दिवशी लाज वाटली आणि एक प्रश्नही पडला : शेकडो वर्षांपूर्वीच्या वैद्यकग्रंथांतील वनस्पती आज ओळखायच्या तरी कशा?

चित्र असले की काम सोपे, असे आपल्याला वाटते. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याच्या ग्रंथाची इ. स. ५१२च्या सुमाराची एक सचित्र प्रत व्हिएन्ना येथे आहे. तिच्यातील अनेक चित्रे जिवंत वाटतात. परंतु पुढे मध्ययुगात नकलाकार झाड पाहून नव्हे, तर आधीचे चित्र पाहून चित्र काढू लागले. पाने दोन्ही बाजूंना सारखी झाली, मुळे नक्षीसारखी वळली. मँड्रेक या वनस्पतीच्या मुळाला तर माणसाचे हातपाय फुटले! अशा चित्रावरून झाड शोधणे म्हणजे ऐकीव वर्णनावरून माणूस शोधण्यासारखेच होय.

याउलट उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचे आहे. कोचीचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. त्यासाठी प्रत्यक्ष झाडे आणवून चित्रे काढली गेली. इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य त्या कामी होते. या तिघांचे नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. चित्र, स्थानिक नाव आणि जाणकाराची साक्ष असे तिन्ही एकत्र आल्यामुळे पुढे लिनियससारख्या शास्त्रज्ञालाही तो ग्रंथ उपयोगी पडला.

आपल्या निघंटूंची रीत मात्र निराळी. तेथे बहुधा चित्र नसते; नावच चित्र काढते. सोळाव्या शतकातील भावमिश्रांनी आघाड्याला 'खरमंजरी', 'अधःशल्य' अशी नावे दिली आहेत. खरखरीत तुरा, आणि खाली वळलेले काटे! आजीने आणलेल्या तुऱ्यावरून मी खालून वर बोट फिरवले, तेव्हा ते टोचले. वरून खाली फिरवले, तेव्हा फारसे टोचले नाही. ग्रंथातला शब्द बोटाला कळला.

पण नावही फसवते. 'शंखपुष्पी' म्हणून उत्तरेत शंखावली वापरतात, तर केरळात गोकर्ण. काही ठिकाणी विष्णुक्रांताही. औषध घेणाऱ्याच्या दृष्टीने हा केवळ शब्दांचा वाद नाही. झाड चुकले, तर औषध चुकले.

म्हणून एका पुराव्यावर विसंबू नये. ग्रंथातील वर्णन, चित्र असल्यास चित्र, त्या मुलखातले बोलीतले नाव आणि प्रत्यक्ष झाड ही सारी जुळली, तरच ओळख पक्की मानावी. यांतली पहिली दोन ग्रंथालयात मिळतील. उरलेल्या दोन गोष्टी आजीसारख्यांकडे आहेत, आणि त्या सगळ्याच कोणी लिहून ठेवलेल्या नाहीत. या सुट्टीत मी वही घेऊन तिच्याबरोबर बांधावर जाणार आहे. मित्रमैत्रिणींनो, तुमच्याही घरी अशी एखादी आजी असेलच!