नवा कॅमेरा घेण्यापूर्वी

लग्नसराई आली की मोमिनपुरा, सीताबर्डीतील अनेक छायाचित्रकार नवा कॅमेरा घेतात. पण त्याची ‘रॉ’ फाईल आपले सॉफ्टवेअर उघडते का, हे आधी पाहावे. रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद. ती मॉडेलनुसार बदलते, म्हणून सॉफ्टवेअरला त्या मॉडेलची ओळख लागते. एकदाच पैसे भरून मिळालेल्या लाईटरूम ६ मध्ये (२०१५) नव्या कॅमेऱ्यांची भर डिसेंबर २०१७ मध्ये थांबली. त्यानंतरच्या कॅमेऱ्यांवर काढलेले निकाहचे रॉ फोटो त्यात थेट उघडत नाहीत, अल्बम अडतो.

यावर उपाय म्हणजे अडोबीचे मोफत डीएनजी कन्व्हर्टर. ते फाईल डीएनजी स्वरूपात बदलते आणि जुने सॉफ्टवेअर ती उघडते. डार्कटेबल हे सॉफ्टवेअरही मोफत आहे.

लेन्सचे प्रोफाईल ही वेगळी बाब आहे. वाइड लेन्सने मंडपाचे कडेचे खांब वाकडे दिसतात, कोपरे काळवंडतात. प्रोफाईल हे दोष दुरुस्त करते. आपल्या लेन्सचे नाव यादीत आहे का, ते पाहावे.

दुकानातच एक रॉ फोटो काढून घरच्या संगणकावर उघडून पाहावा, मगच पैसे द्यावेत. मूळ फाईल कधी पुसू नये. ग्राहकाचा फोटो ही आपल्याकडची अमानत आहे.