डेड सेट हातात आला की

बाळा, शनिवार पेठेत गाळा घेतोयस, चांगलं केलंस. तापकीर गल्ली हाकेच्या अंतरावर आहे, डिस्प्ले-बॅटरी पळत जाऊन आणशील. गिऱ्हाइकाचे फोटो मात्र कुठल्याच गल्लीत मिळत नाहीत. म्हणून डेड सेट आला की पहिला प्रश्न, आतला डेटा हवाय का? उत्तर पावतीवर लिही आणि सही घे.

लगेच सॉफ्टवेअर मारायला बसू नकोस. सेट बंद असताना आवाजाची बटणं दाबून धर, डेटाची चांगली केबल लाव आणि डिव्हाइस मॅनेजरवरून नजर हलवू नकोस. मीडियाटेकचा सेट असेल तर प्रीलोडरचं नाव क्षणभर दिसतं आणि जातं. तेवढं दिसलं तरी सेटमध्ये जीव आहे. क्वालकॉमच्या सेटला ९००८ हा आकडा दिसला तर तो ईडीएल मोडमध्ये आहे. ही सोय चिपमध्येच कोरलेली असते, बाकी सगळं सॉफ्टवेअर बिघडलं तरी ती शाबूत राहते. काहीच दिसलं नाही, तर आधी ड्रायव्हर बघ, केबल बदल. टेस्ट पॉइंटला चिमटा लावायचा तो सगळ्यात शेवटी, बोर्डाचा नकाशा समोर ठेवून.

सेट दिसला की सॉफ्टवेअर मारायचं, पण फाइल नेमक्या मॉडेलचीच हवी. जुनी आवृत्ती मारायला जाशील तर बरेच नवे सेट ती घेतच नाहीत, काही पुरते बसतात.

मीडियाटेकच्या एसपी फ्लॅश टूलमध्ये 'फॉरमॅट ऑल'ला हात लावू नकोस, कितीही घाई असो. त्यात एनव्हीरॅमही पुसली जाते. फोन सुरू होतो, पण आयएमईआय गायब, नेटवर्क नाही. आधी एनव्हीरॅम वाचून जपून ठेव, मग यूजरडेटाची खूण काढून 'डाउनलोड ओन्ली' कर. सॅमसंगला ओडिनमध्ये होम सीएससीची फाइल दे, साधी सीएससी डेटा उडवते. हल्लीच्या फोनांत डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो, एकदा उडाला की रिकव्हरीवाल्याच्याही हाती काही लागत नाही.

आयएमईआय बदलून दे म्हणणारं गिऱ्हाईक येईल. दारातूनच परत पाठव. २०२३च्या दूरसंचार कायद्यात या कामाला ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

सेट देताना *#०६# दाबून नंबर खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघ, गिऱ्हाइकासमोर एक फोन लावून दाखव, आणि मगच पैसे घे.