कायमच्या गिऱ्हाइकांसाठीं सवलतीच्या पायऱ्या

अडत्याकडे न जातां आपला तांदूळ, गूळ वा डाळ थेट शहरांतील घरीं पोंचविणारे शेतकरी आतां पुष्कळ झाले आहेत. त्यांजपुढें प्रश्न असा कीं, एकदां आलेलें गिऱ्हाईक पुढील हंगामांत टिकवावें कसें? भाव सरसकट उतरविल्यास नफा जातो, आणि नित्याचें व प्रासंगिक गिऱ्हाईक एकाच मापानें मोजलें जातें. खरेदीच्या मानानें सवलतीच्या पायऱ्या बांधणें हा यावर एक उपाय आहे. त्याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

हें तत्त्व नवें नाहीं. इंग्लंडांतील रॉचडेल येथें २८ जणांच्या मंडळीनें ता. २१ डिसेंबर १८४४ रोजीं टोड लेनमध्यें एक लहानसें दुकान उघडलें. भांडवलास ठराविक व्याज देऊन उरलेला नफा ज्यानें जितकी खरेदी केली त्या मानानें वांटावा, असा त्यांचा नियम होता. १९८१ सालीं अमेरिकन एअरलाइन्स या विमान कंपनीनें प्रवासाच्या मैलांवर बक्षीस देण्याची योजना काढली. पुढें अशा योजनांत प्रवाशांचे दर्जे पाडण्याची चाल रूढ झाली. रॉचडेलच्या रीतींत वांटणीचा दर सर्वांस एकच असे. पायऱ्यांत तो चढता असतो. म्हणून येथें हिशेब अधिक जपून करावा लागतो.

(१) प्रथम खतावणी पाहावी. समजा, १०० घरें आपला माल घेतात. पैकीं ६० घरें सरासरी २,५०० रुपयांचा, ३० घरें ८,००० चा व १० घरें १६,००० चा. एकूण विक्री ५,५०,००० रुपये. सर्व खर्च वजा जातां शेंकडा १२ उरत असल्यास शिल्लक ६६,००० रुपये. मधल्या पायरीस शेंकडा २ व वरच्या पायरीस ४ सूट दिल्यास ११,२०० रुपये, म्हणजे शिलकेचा सुमारें सहावा हिस्सा जाईल. हेच दर ५ व १० ठेविले तर २८,००० रुपये जातील. हा भार पेलणें कठीण.

(२) पायरीची मर्यादा गिऱ्हाइकाच्या चालू खरेदीहून किंचित् वर असावी. जें घर ४,००० चा माल घेतें, त्यास ५,००० ची मर्यादा आणखी एका पोत्याचा मोह घालील. मर्यादा ४,००० च ठेविल्यास, तें घर जें एरवींही घेणार होतें त्यावरच सूट द्यावी लागेल.

(३) पायऱ्या तीनच पुरेत. नियम एका पोस्टकार्डावर मावावे.

(४) सर्व मान पैशांत देऊं नये. नव्या पिकाची पहिली मागणी नोंदविण्याचा हक्क, किंवा सुगींत शेतावर येण्याचें आमंत्रण, यांस खर्च थोडा व गोडी फार.

(५) मालाची प्रत व वजन सर्वांस सारखेंच असावें. खालच्या पायरीस हलका माल देणें ही सवलत नव्हे, लबाडी होय.

(६) पाऊस दगा देईल त्या वर्षीं माल कोणास किती मिळेल, हें आधींच लिहून कळवावें. कबूल केलेली सवलत हें कर्जच आहे. तें एकदां बुडविलें म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा दारीं येत नाहीं. आणि सर्वांत वरच्या पायरीचेंच प्रथम जातें.

म्हणून जितकें वाईट वर्षींही पाळतां येईल तितकेंच वचन द्यावें. खतावणी नीट नसेल त्यानें यंदां नुसती नोंदच ठेवावी. पायऱ्या पुढील वर्षीं बांधाव्या.