खिशात रोकड किती असावी?

उसाचे बिल आता बँक खात्यावर जमा होते, चहाचे पैसेही मोबाईलवरून देता येतात. तरी खिसा अगदीच रिकामा नको. रेंज गेली की मोबाईलवरचे पैसे अडतात, पण दवाखाना थांबत नाही. दोन-तीन दिवसांचा घरखर्च व मजुरी भागेल एवढी रोकड, तीही सुट्ट्या नोटांत, आपण जवळ ठेवावी.

जास्त मात्र नको. ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्री ५००, १००० च्या नोटा बाद झाल्या अन् आपण रांगेत उभे राहिलो. ट्रॅक्टर विकताना २ लाख किंवा जास्त रोख घेतली, तर तेवढाच दंड होऊ शकतो.

आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही. मागणारा लबाडच समजावा.