अजिंठ्याची चित्रे आणि लाखेचा लेप

अजिंठ्याची लेणी १९८३ साली जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. तथापि तेथील चित्रांच्या रक्षणाचा प्रश्न त्याहून पुष्कळ जुना आहे.

प्रथम चित्रांची घडण पाहू. खडबडीत कातळावर माती, तूस व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग, असे हे थर आहेत. रंग चुन्यात मुरलेला नसून पृष्ठभागी चिकटलेला आहे. म्हणूनच गिलावा सुटला, की चित्रही गळून पडते.

१९२० साली निझाम सरकारने इटालियन तज्ज्ञ लोरेन्झो चेक्कोनी यांना पाचारण केले. त्यांनी व त्यांचे सहकारी ओर्सिनी यांनी सुटलेला गिलावा घट्ट बसविला आणि रंगांवर चपडा लाखेचा लेप दिला. प्रारंभी चित्रे उजळली. परंतु कालांतराने लाख पिवळी पडली, आकसली, व तिच्यासवे रंगाचे पापुद्रे उकलू लागले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या रसायनज्ञांना तीच लाख द्रावकांच्या साहाय्याने हलक्या हाताने काढावी लागली. यावरून सिद्ध होणारा नियम असा: जो उपचार पुढे मूळ वस्तूस धक्का न लागता काढता येईल, तोच करावा.

उपचाराइतकेच व्यवस्थापनही महत्त्वाचे आहे. प्रेक्षकांच्या श्वासाने लेण्यांतील आर्द्रता वाढते. प्रखर प्रकाशाने रंग फिकटतात. म्हणून आत मंद दिवे ठेवतात, आणि खाजगी वाहने सुमारे चार किलोमीटर दूर, फर्दापूर तिठ्यापाशीच थांबवितात. उपचाराची गरजच कमी पडावी, अशी ही तजवीज होय.

झीज किती झाली हे कळण्यास जुनी नोंद हवी. मुंबईच्या कलाशाळेतील ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ पासून, आणि बंगालच्या नंदलाल बोस प्रभृतींनी लेडी हेरिंगहॅम यांच्यासमवेत १९०९ च्या सुमारास केलेल्या प्रतिकृती या दृष्टीने मोलाच्या आहेत.

आज वारसास्थळांची नामांकनपत्रे व समितीचे निर्णय युनेस्कोच्या संकेतस्थळावर सर्वांस खुले आहेत. कोलकात्याजवळील न्यू टाउनमध्ये बसून एखादा विद्यार्थी अजिंठ्याची कागदपत्रे, २०२३ साली यादीत आलेल्या शांतिनिकेतनच्या कागदपत्रांशी ताडून पाहू शकतो. मात्र कातळावरील ओल कागदावरून कळत नाही. ती पाहण्यास लेण्यातच जावे लागते. वाचकांनी आपल्या गावातील एखाद्या जुन्या वास्तूची आजची स्थिती तारखेसह नोंदवून ठेवावी. रक्षणाचा आरंभ तेथूनच होतो.