उडी घ्यावी कशी, उतरावे कोठे?

जालन्याहून भोकरदनकडे जाताना राजूर लागते. तेथील गणपतीचे देऊळ टेकडीवर आहे. या भागात शेतात काळी माती आणि माळावर मुरूम सापडतो. सायकलीच्या उडीसाठी चढ बांधायचा तर हा फरक आधी ओळखला पाहिजे.

दोन विटांवर फळी टेकवून तिच्यावरून सायकल उडवण्याचा खेळ गावोगावी चालतो. या खेळात हात मोडतात आणि दोष नशिबाला दिला जातो. खरे पाहता दोष बहुधा फळीचा आणि उतरण्याच्या जागेचा असतो. तो कसा, ते पाहू.

चाक फळीवर चढते तेव्हा फळीला खाली दाबतेच, शिवाय पुढेही ढकलते. त्यामुळे विटा सरकतात. मुरमाचा भरीव चढ सरकत नाही. मोटारसायकलींच्या उड्यांच्या शर्यतींतही चढ मातीचेच असतात. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात अशी शर्यत झाली.

चढाचा आकार

जमीन आणि चढ यांच्यामध्ये कोन पडला की चाकाला दणका बसतो, म्हणून तेथे गोलाई हवी. ती किती असावी? वर्तुळाकार मार्गावर लागणारे त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. सायकलीचा वेग ताशी १८ कि.मी., म्हणजे सेकंदाला ५ मीटर धरू. त्रिज्या २.५ मीटर घेतली तर २५ ÷ २.५ = १०. हे जवळजवळ गुरुत्वत्वरणाइतके झाले. म्हणजे गोलाईवर तुमचे वजन दुप्पट भासेल. वेग दुप्पट केला तर ते पाचपट भासेल! चढ भक्कम का हवा, हे यावरून समजेल.

चढाचा शेवटचा एक मीटर मात्र सरळ ठेवा. गोलाई टोकापर्यंत नेली तर सायकल हवेत मागे कलंडू लागते. २० अंशांचा चढ, पायाशी २.५ मीटर त्रिज्येची गोलाई आणि पुढे सरळ भाग, असे केले की टोकाची उंची अर्धा मीटर आणि चढाची लांबी सुमारे १.८ मीटर होते.

उतरायचे कोठे?

पायंडल न मारता ५ मीटर वेगाने चढाला लागलेली सायकल टोकाशी ३.९ मीटर वेगाने सुटते. ती आणखी ९ से.मी. वर जाते. मग सपाट जमिनीवर आली तर ५९ से.मी. उंचीवरून पडल्याइतका धक्का बसतो.

आता पलीकडे तेवढ्याच उंचीचा आणि २० अंशांचाच उतार बांधा. सुटलेली वस्तू पुन्हा त्याच उंचीवर येते तेव्हा ती तितक्याच कोनात खाली जात असते. तिची दिशा उताराला समांतर असल्याने धक्का जवळजवळ बसतच नाही. आपल्या उदाहरणात ही जागा टोकापासून बरोबर एक मीटरवर येते.

हे गणित एका बिंदूचे आहे. सायकल लांब असते. पुढचे चाक सुटल्यावर मागचे सुटायला पाव सेकंद लागतो आणि तेवढ्यात पुढचा भाग खाली झुकतो. म्हणून दोन उतारांमधली जागा मोकळी न ठेवता मुरमाने भरून सपाट करा. वेग कमी पडला तरी सायकल खड्ड्यात न जाता वरूनच घरंगळत जाईल.

वेग दुप्पट झाला तर सायकल सपाट जमिनीवर १.८ मीटरऐवजी सुमारे ७ मीटरवर जाऊन पडते. उतार मागेच राहतो आणि धक्का १ मीटर उंचीवरून पडल्याइतका बसतो. प्रत्येक चढ एका ठरावीक वेगासाठीच असतो, हे विसरू नका.

बांधणी

१. जागा रस्त्यापासून दूर निवडा. वरची काळी माती काढून टाका. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे वरचे काम खिळखिळे होते.

२. मुरूम थोडा ओला करा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये.

३. दहा-दहा से.मी.चे थर द्या. प्रत्येक थर धुम्मसाने ठोकून मगच पुढचा घाला. एकदम ढीग करून वरून ठोकला तर आतला भाग पोकळ राहतो.

४. माथा किमान एक मीटर रुंद ठेवा. बाजू उभ्या न ठेवता पसरट ठेवा, नाहीतर कडा ढासळतात.

५. पाऊस पडून गेल्यावर चढ तपासल्याशिवाय वापरू नका.

बांधताना शिक्षक किंवा जाणते माणूस सोबत असावे. पहिल्या फेऱ्या सावकाश, न उडता माराव्यात. डोक्यावर हेल्मेट हवेच. हा चढ सायकलीपुरताच आहे. त्यावर मोटारसायकल नेऊ नये.

करून पाहा

दोन पसरट ताटल्यांत ओल्या मातीचा सारखाच थर द्या. एक सपाट ठेवा आणि दुसरी २० अंशांनी तिरपी करा. पुठ्ठ्याच्या छोट्या चढावरून एकाच उंचीवरून गोटी सोडा. ती आधी एका आणि मग दुसऱ्या ताटलीत पडू द्या. दोन्ही खळग्यांची खोली काडीने मोजा. तिरपी ताटली उलट्या बाजूने, म्हणजे गोटीकडे तोंड करून ठेवली तर खळगा उथळ होईल की खोल? आधी उत्तर वहीत लिहा आणि मगच गोटी सोडा.